डावी की उजवी, इथली की बाहेरून आलेली: ॲड्रीनलच्या कर्करोगाची नोंद

सी ७४.०२. अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णाच्या फाइलवर हा कोड पडला, की वाचणाऱ्याला चार गोष्टी एका दमात कळतात. रुग्णाला कर्करोग आहे. तो ॲड्रीनल ग्रंथीतच सुरू झाला आहे, दुसऱ्या अवयवातून तिथे पसरलेला नाही. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, त्याचं मूळ आहे. आणि ग्रंथी डावी आहे. एक अक्षर, चार आकडे. या चारांपैकी एकही गोष्ट डॉक्टरांनी कुठे लिहिलेली नसेल, तर हा कोड लावता येत नाही.

कोड लावणारी व्यक्ती बऱ्याचदा पुण्यात, नवी मुंबईत, चेन्नईत किंवा हैदराबादेत बसलेली असते. बी.फार्म., बीएचएमएस, नर्सिंग किंवा जीवशास्त्राची पदवी घेतलेली आपल्याकडची कितीतरी मुलंमुली अमेरिकन रुग्णालयांचे ‘चार्ट’ वाचायचं काम करतात. रुग्ण त्यांना कधी दिसत नाही, डॉक्टर भेटत नाहीत. तपासताना हाताला लागलेली पण लिहायची राहून गेलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि अंदाजाने रिकामी जागा भरायची त्यांना मुभा नाही. त्यामुळे या कामाबद्दल बोलायचं तर कोडच्या पुस्तकाइतकंच डॉक्टरांच्या वाक्याबद्दल बोलावं लागतं.

ॲड्रीनलचा कर्करोग मुद्दाम निवडला, कारण तो दुर्मीळ आहे. कॉर्टेक्सचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या आकडेवारीत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक ते दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तोच दर धरला तर अख्ख्या राज्यात वर्षाकाठी शंभर-सव्वाशे ते सव्वादोनशे रुग्ण. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या हजारो नोंदींत दहा चुकीच्या नोंदी विरून जातात. इथे दहा चुका झाल्या, तर एकूण आकडाच पाच-दहा टक्क्यांनी हलतो. मोठ्या आजारांत संख्या चुका झाकून घेते, छोट्या आजारांत ती सोय नाही.

आता ग्रंथी. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, पण दवाखान्यात सगळे ‘ॲड्रीनल’च म्हणतात. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. उजवी त्रिकोणी, डावी अर्धचंद्राकृती. एकाच आवरणात खरं तर दोन वेगळ्या ग्रंथी नांदतात. बाहेरचा कॉर्टेक्स अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि काही पुरुषी संप्रेरकं तयार करतो. आतला गाभा, म्हणजे मेड्युला, ॲड्रीनलीन आणि नॉरॲड्रीनलीन बनवतो. गर्भात या दोघांची सुरुवातच वेगवेगळ्या ऊतींतून होते. मेड्युलाचं नातं मज्जासंस्थेशी आहे, कॉर्टेक्सचं नाही. म्हणून दोघांचे कर्करोगही वेगळे, औषधं वेगळी, धोकेही वेगळे.

अमेरिकेत ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत या सगळ्याला एकच कोड होता: १९४.०. डावी असो, उजवी असो, कॉर्टेक्स असो, मेड्युला असो, आकडा एकच. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे आयसीडी-१०-सीएम ही रोगांच्या कोडची नवी यादी लागू झाली आणि त्या एका कोडचे नऊ झाले. सी ७४.० म्हणजे कॉर्टेक्स, सी ७४.१ म्हणजे मेड्युला, सी ७४.९ म्हणजे भाग सांगितलेला नाही. त्यापुढे शेवटचा आकडा बाजू सांगतो: १ उजवी, २ डावी, ० म्हणजे बाजूचा उल्लेख नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये भाग आहेत, बाजू नाहीत. बाजूचा आकडा अमेरिकेने जोडला. दोन्ही ग्रंथींत रोग असेल तर त्यासाठी वेगळा कोड नाही, उजवीचा आणि डावीचा असे दोन कोड लावायचे.

बाजूला एवढं महत्त्व का? उजव्या ॲड्रीनलची शीर अगदी आखूड असते आणि थेट शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेत, म्हणजे इन्फीरिअर व्हेना कॅव्हामध्ये, जाऊन मिळते. डाव्या ग्रंथीचं रक्त आधी डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत जातं. कॉर्टेक्सचा कर्करोग शिरेत शिरून आत वाढत जातो, त्याची तशी खोडच आहे. उजवीकडे त्याला मोठ्या शिरेपर्यंत पोचायला फारसं अंतर कापावं लागत नाही, वर यकृतही खेटून असतं. डावीकडे शेजारी स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा. दोन बाजूंच्या शस्त्रक्रिया वेगळ्या असतात. पुढे कधी दुसऱ्या बाजूची ग्रंथी काढायची वेळ आली, तर आधी कुठली काढली होती यावर रुग्णाचं पुढचं आयुष्य ठरतं: दोन्ही गेल्या की जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एका साध्या शब्दापाशी. पोटदुखीसाठी किंवा मुतखड्यासाठी सीटी स्कॅन केला आणि त्यात ॲड्रीनलवर गाठ दिसली, असं फार वेळा घडतं. अशा अवचित सापडलेल्या गाठींना डॉक्टर ‘इन्सिडेंटलोमा’ म्हणतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात. अहवालात ओळ असते: ‘डावीकडे ४.८ सेंमीचा ॲड्रीनल मास, ॲड्रीनोकॉर्टिकल कार्सिनोमाचा संशय.’ नवा कोडर ‘कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, वाचतो आणि हात सी ७४.०२ कडे जातो.

इथे अमेरिकी नियम दोन तऱ्हेचे आहेत. बाह्यरुग्ण विभागात ‘संशय’, ‘शक्यता’, ‘बहुधा’ असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. जे ठाम माहीत आहे तेवढंच लिहायचं: ॲड्रीनलवर गाठ आहे, म्हणजे ई २७ च्या गटातला कोड. रुग्ण दाखल असेल आणि डिस्चार्जच्या वेळेलाही डॉक्टरांनी ‘संभाव्य कार्सिनोमा’ असंच लिहून ठेवलं असेल, तर मात्र रुग्णालय ते निदान झाल्यासारखं कोड करतं. एकच वाक्य, पण ते कुठल्या दारातून आलं यावर कोड बदलतो. बाह्यरुग्णाचा नियम मला फार मोलाचा वाटतो. संशयापोटी लावलेला कर्करोगाचा कोड संगणकातून सहजी पुसला जात नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत तो नव्या डॉक्टरांच्या पडद्यावर येतो, विम्याच्या कागदांत जातो, आणि ॲडिनोमाचा, म्हणजे साध्या गाठीचा, रुग्ण वर्षानुवर्षं कर्करोगाचा रुग्ण म्हणून फिरत राहतो.

‘मास’ आणि ‘ट्यूमर’ हे शब्द आपण बोलताना अदलाबदल करून वापरतो, कोडिंगमध्ये ते चालत नाही. डॉक्टरांनी नुसतं ‘मास’ लिहिलं तर तो अवयवाचा विकार म्हणून ई २७ मध्ये जातो. ‘ट्यूमर’ किंवा ‘निओप्लाझम’ लिहिलं पण साधा की घातक हे सांगितलं नाही, तर डी ४९.७. आणि पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘हा पुढे कसा वागेल ते सांगता येत नाही’ असा अभिप्राय दिला, तर डी ४४.१. शेवटच्या दोघांत लोक हमखास गल्लत करतात. एकात माहिती लिहिलेली नाही, दुसऱ्यात सगळी तपासणी होऊनही उत्तर हाती आलेलं नाही. ॲड्रीनलच्या बाबतीत ही दुसरी अवस्था खरोखर वाट्याला येते, कारण इथल्या गाठी पॅथॉलॉजिस्टलाही चकवतात.

इतर कर्करोगांत शंका आली की सुईने तुकडा काढून तपासतात. ॲड्रीनलमध्ये ते सहसा टाळतात. गाठ मेड्युलाची फिओक्रोमोसायटोमा निघाली, तर सुई टोचताच ॲड्रीनलीनचा लोंढा रक्तात येऊन रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो. म्हणून आधी रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन तपासतात. गाठ कॉर्टेक्सची असेल, तर सुईने कर्करोगाच्या पेशी वाटेत सांडण्याची भीती असते, आणि एवढ्याशा तुकड्यावरून साधी गाठ आणि कर्करोग यांतला फरकही नीट कळत नाही. परिणामी पक्कं निदान बहुतेक वेळा अख्खी गाठ काढल्यावरच होतं.

ते कसं होतं हेही पाहण्यासारखं आहे. लॉरेन्स वाइस या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९८४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या नऊ खुणा सांगितल्या: पेशींच्या केंद्रकांची बिघडलेली ठेवण, पेशीविभाजनाचा वेग, मेलेल्या ऊतींचे पट्टे, शिरांत किंवा आवरणात घुसलेल्या पेशी आणि अशाच आणखी काही. यांपैकी तीन किंवा जास्त खुणा सापडल्या, तर गाठ कर्करोगाची धरतात. सोबत केआय-६७ नावाच्या रंजकचाचणीत किती टक्के पेशी वाढीला लागल्या आहेत तेही मोजतात, कारण रोग परत येण्याचा धोका त्यावरून बराच कळतो. चांगल्या अहवालात गाठीचं माप, वजन, वाइस गुणांक, केआय-६७, शिरांतला शिरकाव आणि कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, एवढं सगळं असतं. मापाकडे दुर्लक्ष करून चालत नाही: गाठ ५ सेंमीपर्यंत असेल आणि ग्रंथीबाहेर गेलेली नसेल तर पहिला टप्पा, त्याहून मोठी झाली की दुसरा. ‘मोठी गाठ’ असं लिहून भागत नाही.

इथे कोडरपुढे आणखी एक पेच असतो. अहवालात ‘कार्सिनोमा’ स्पष्ट लिहिलंय, पण सर्जनच्या डिस्चार्ज समरीत अजून ‘ॲड्रीनल मास’च आहे. बाह्यरुग्ण नोंदीत पॅथॉलॉजिस्टचा अंतिम अहवाल धरून कोड करता येतो, तोही डॉक्टरच आहे. दाखल रुग्णाच्या बाबतीत मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः ते निदान लिहावं लागतं, नुसत्या अहवालावरून कोड लावत नाहीत. मग डॉक्टरांना पाठवायची ‘क्वेरी’, म्हणजे लेखी विचारणा. ती कशी लिहायची याचेही संकेत ठरलेले आहेत. ‘हा कर्करोगच आहे ना?’ असं विचारायचं नाही. अहवालातली ओळ तारखेसह समोर ठेवायची आणि डॉक्टरांनाच निदान लिहायला सांगायचं. पर्याय दिले तर ‘इतर’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही त्यांत हवेत. डॉक्टरांच्या तोंडी आपल्याला हवं ते उत्तर घालणारी क्वेरी लेखापरीक्षणात टिकत नाही. टिकूही नये.

शस्त्रक्रियेच्या कोडमध्ये बाजू पुन्हा भेटते. दाखल रुग्णांसाठी अमेरिकेत सात अक्षरी पद्धत आहे. ०जीटी२४झेडझेड घ्या. ० म्हणजे वैद्यकीय आणि शस्त्रक्रिया विभाग. जी म्हणजे अंतःस्रावी संस्था. टी म्हणजे अवयव पूर्ण काढला, काही भागच काढला असता तर तिथे बी आलं असतं. २ म्हणजे डावी ॲड्रीनल, उजवीला ३. ४ म्हणजे दुर्बिणीतून, पोट उघडून केली असती तर ०. शेवटचे दोन झेड सांगतात की आत काही बसवलेलं नाही आणि आणखी काही सांगायचं नाही. सीटीत डावी, ऑपरेशन नोटमध्ये उजवी असं दिसलं, तर कोडरने आपल्या मनाने एक बाजू धरायची नाही, फाइल थांबवून विचारायचं. फाइल शेवटपर्यंत सलग वाचणारा माणूस बऱ्याच वेळा तोच असतो.

माझ्या मते सगळ्यात गंभीर प्रश्न मात्र ‘मूळ कुठे?’ हा आहे. ॲड्रीनलला तिच्या आकाराच्या मानाने भरपूर रक्तपुरवठा होतो, आणि दुसरीकडचा कर्करोग तिथे येऊन रुजण्याचं प्रमाण मोठं आहे. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, मेलॅनोमा ही त्यांतली नेहमीची नावं. ॲड्रीनलमध्ये स्वतःहून सुरू होणारा कर्करोग त्या मानाने कितीतरी विरळा. बाहेरून आलेल्याचा कोड वेगळा आहे: उजवीला सी ७९.७१, डावीला सी ७९.७२, आणि सोबत मूळ रोगाचा, म्हणजे फुप्फुस असेल तर सी ३४ च्या गटातला.

डॉक्टर घाईत लिहितात, ‘मेटास्टॅटिक ॲड्रीनल कॅन्सर’. याचे अर्थ दोन निघतात. ॲड्रीनलमध्ये सुरू होऊन यकृतात गेलेला रोग, म्हणजे सी ७४.०२ आणि यकृतासाठी सी ७८.७. किंवा फुप्फुसातून ॲड्रीनलमध्ये आलेला रोग, म्हणजे सी ३४ आणि सी ७९.७२. दोघांचे उपचार वेगळे, आयुर्मान वेगळं. चुकीचा अर्थ घेतला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक रुग्ण आकडेवारीतून गायब होतो, आणि दहा लाखांत एकाला होणाऱ्या रोगाच्या खात्यात एक खोटा रुग्ण जमा होतो. फुप्फुसाच्या आकड्याला त्याने काही होत नाही. ॲड्रीनलच्या संशोधकाला मात्र आपल्या भागात हा रोग वाढतोय असं वाटायला अशा मोजक्या नोंदी पुरतात. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोन शब्द डॉक्टरांनी लिहिले की प्रश्नच मिटतो.

संप्रेरकांचं प्रकरण लोक सहज विसरतात. कॉर्टेक्सच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून अधिक संप्रेरकं ओततात, सर्वाधिक वेळा कॉर्टिसॉल. चेहरा सुजतो, स्नायू झिजतात, साखर आणि रक्तदाब चढतात. काही बायकांना दाढी-मिशा येतात, आवाज घोगरा होतो. आयसीडीत कर्करोगाच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच सूचना आहे की गाठ संप्रेरकं बनवत असो वा नसो, ती याच प्रकरणात नोंदवायची, आणि तिचं हे काम सांगायला अंतःस्रावी प्रकरणातला दुसरा कोड जोडता येतो. जास्तीच्या कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे कुशिंगसाठी, ई २४, जास्तीच्या अल्डोस्टेरॉनसाठी ई २६, मेड्युलाच्या अतिक्रियेसाठी ई २७.५. प्रयोगशाळेच्या कागदावर कॉर्टिसॉल कितीही चढलेलं दिसलं, तरी डॉक्टरांनी ‘कुशिंग सिंड्रोम’ लिहिल्याशिवाय कोडरला ते लावता येत नाही. न लिहिलेल्या या एका ओळीमुळे रुग्ण होता त्याहून बरा दिसतो: जखम का भरली नाही, संसर्ग का झाला, रुग्णालयात इतके दिवस का राहावं लागलं, याचं कारणच नोंदीतून नाहीसं होतं.

शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली. आता रुग्णाला कर्करोग ‘आहे’ की ‘होता’? नियम असा: मूळ गाठ काढून टाकली, उपचार पूर्ण झाले आणि रोगाची खूण उरली नाही, की इतिहासाचा कोड लावायचा, इथे झेड ८५.८५८. पण कॉर्टेक्सच्या कर्करोगानंतर रोग परत येऊ नये म्हणून अनेकांना मायटोटेन देतात, बऱ्याचदा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. हे औषध डीडीटीच्या कुळातलं आहे आणि ॲड्रीनल कॉर्टेक्सच्या पेशीच मारतं. ते चालू असेपर्यंत उपचार चालू आहेत, म्हणून कोड सी ७४ चाच राहतो. चार्टमध्ये मात्र ओळ असते: ‘ॲड्रीनल कॅन्सरची हिस्ट्री, मायटोटेन चालू.’ ‘हिस्ट्री’ शब्दावर भुलून झेड ८५ लावणारे आणि औषध पाहून सी ७४ लावणारे, असे दोन तट प्रत्येक टीममध्ये असतात. डॉक्टरांनी ‘शस्त्रक्रियेनंतरचा पूरक उपचार म्हणून मायटोटेन’ एवढं लिहिलं असतं तर वाद झालाच नसता.

मायटोटेन चांगल्या ग्रंथीलाही सोडत नाही. कॉर्टिसॉल कमी पडतं, रुग्णाला हायड्रोकॉर्टिझोन घ्यावं लागतं. या कमतरतेचं कारण औषध असेल तर ई २७.३ आणि औषधाच्या दुष्परिणामाचा टी ४५.१ गटातला कोड. कारण शस्त्रक्रिया असेल तर ई ८९.६. कोडपेक्षाही ही नोंद रुग्णाच्या जिवाशी बांधलेली आहे. असा माणूस तापाने किंवा उलट्यांनी आजारी पडून परगावच्या दवाखान्यात गेला आणि त्याच्या कागदावर ‘ॲड्रीनल अपुरी’ हे शब्द नसले, तर स्टेरॉइडची मात्रा वाढवायची कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि रक्तदाब कोसळू शकतो.

रुग्णालयाच्या बिलाचा कोड आणि कर्करोग नोंदणीचा कोड या दोन वेगळ्या वाटा आहेत. नोंदणीत आयसीडी-ओ वापरतात: एक कोड जागेचा, दुसरा पेशींच्या प्रकाराचा, आणि त्यापुढे तिरप्या रेघेनंतर एक आकडा गाठीच्या वागणुकीचा. कॉर्टेक्सचा कर्करोग ८३७०/३, तिथलीच साधी ॲडिनोमा ८३७०/०. पेशींचा हा कोड ॲड्रीनलमध्ये फार कामाचा आहे, कारण लहान मुलांत या ग्रंथीतला नेहमीचा कर्करोग न्यूरोब्लास्टोमा असतो, ९५००/३, जो मेड्युलाकडच्या चेतापेशींतून येतो. प्रौढांतला आजार निराळा. दोन्ही सी ७४ मध्ये पडतात. पेशींचा प्रकार नोंदवला नाही तर दोन वर्षांचं मूल आणि पन्नाशीची बाई एका रांगेत उभी राहतात. त्यातून अमेरिकी निर्देशसूचीत न्यूरोब्लास्टोमाची जागाच सांगितली नसेल तर तो आपोआप सी ७४.९० मध्ये जातो. छातीतला न्यूरोब्लास्टोमा असेल आणि डॉक्टर ‘छातीत’ हा शब्द विसरले, तर कागदावर तो ॲड्रीनलचा होतो.

फिओक्रोमोसायटोमाची कथा तर आकडेवारी वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. पूर्वी नोंदणीत साधी आणि घातक असे तिचे दोन भाग होते, आणि साधी मोजली जात नसे. २०१७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात म्हटलं गेलं की अशी प्रत्येक गाठ पुढे पसरण्याची शक्यता बाळगून असते. त्यानुसार आयसीडी-ओच्या सुधारित आवृत्तीत सरसकट ८७००/३ आलं, आणि अमेरिकी नोंदण्यांत ते २०२१ पासून लागू झालं. त्या वर्षापासून आलेखाची रेघ वर गेलेली दिसली, तर त्यात नियमाचा वाटा आधी तपासायला हवा. बिलाच्या पुस्तकात मात्र साधी म्हणून लिहिलेली फिओक्रोमोसायटोमा अजून डी ३५.० मध्येच जाते. एकाच गाठीला एका टेबलावर साधी आणि दुसऱ्या टेबलावर घातक म्हणून नोंदवलं जातं, आणि आपापल्या नियमाने दोन्ही टेबलं बरोबर असतात.

या नोंदणीच्या कामात महाराष्ट्र मागे नाही. देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. तिथे रुग्णालयाच्या फाइलींवर न थांबता गावोगाव जाऊन रुग्ण शोधायची पद्धत बसवली गेली. राष्ट्रीय नोंदणीच्या तक्त्यांत सी ७४ ची स्वतंत्र ओळ असते. आकडे बारीक असतात म्हणून वाचक ती ओळ ओलांडून पुढे जातो.

अशाच बारीक ओळीतून काय हाती लागू शकतं ते ब्राझीलने दाखवलं. दक्षिण ब्राझीलमधल्या पाराना राज्यात आणि आसपासच्या भागात लहान मुलांना कॉर्टेक्सचा कर्करोग जगाच्या तुलनेत दहा ते पंधरा पट जास्त होतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. २००१ मध्ये रिबेरो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ मुलांची जनुकं तपासली, तर ३५ जणांत टीपी५३ या जनुकातला आर३३७एच हा एकच बदल निघाला. पुढे त्या राज्यात पावणेदोन लाखांच्या आसपास नवजात बाळांची चाचणी झाली. सुमारे ०.२७ टक्के बाळांत तो बदल सापडला. या मुलांवर लक्ष ठेवलं की गाठ लहान असतानाच सापडते, आणि लहान गाठ शस्त्रक्रियेने बरी होते. कुणीतरी ‘मूल, ॲड्रीनल, कॉर्टेक्स’ हे शब्द वेगवेगळे आणि नीट लिहून ठेवले नसते, तर हे प्रमाण न्यूरोब्लास्टोमाच्या गर्दीत हरवलं असतं.

आपल्याकडे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यातही असं नेमकं लिहायचं राहून जातं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्या मृत्यूसाठी ४अ भरतात. पहिल्या भागात वर लगेचचं कारण आणि खाली उतरत उतरत मूळ कारण लिहायचं असतं. प्रत्यक्षात ‘हृदय व श्वसन बंद पडले’ एवढीच ओळ बऱ्याच दाखल्यांवर असते. मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं. यकृतात पसरलेला रोग वर आणि डाव्या ॲड्रीनल कॉर्टेक्सचा कर्करोग खाली, अशा दोन ओळी लिहिल्या तर तो मृत्यू योग्य खात्यात जातो.

घरात कुणाची ॲड्रीनलची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर ते तिथेच उभं राहून वाचा. नुसतं ‘सीए ॲड्रीनल’ असेल तर बाजू, कॉर्टेक्स की मेड्युला, आणि रोग तिथलाच की बाहेरून आलेला, हे लिहून मागा. पॅथॉलॉजीचा पूर्ण अहवाल घ्या, शेवटच्या दोन ओळींची प्रत पुरत नाही. मेणात जपलेले गाठीचे ब्लॉक कोणत्या प्रयोगशाळेत आहेत आणि किती काळ ठेवले जातील ते विचारून कार्डावरच लिहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं, तर ते हे ब्लॉकच आधी मागवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं नाव, मात्रा आणि ‘अचानक बंद करू नये’ ही सूचना वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा.